मधाच्या पेटीवर नाव कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका मधपाळ भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलण्यासाठी जो विषय लिहून पाठवला तो असा आहे : 'मधमाशीपालन : स्त्रियांसाठी घरबसल्या पूरक उद्योग'. विषय आपुलकीने दिलेला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु या पाच शब्दांपैकी तीन शब्दांशी माझे भांडण आहे, आणि ते आपल्यासमोर मोकळेपणाने मांडावे एवढ्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले. 'घरबसल्या' हा शब्द खोटा आहे, 'पूरक' हा शब्द अन्यायाचा आहे आणि 'स्त्रियांसाठी' हा शब्द अजून खरा व्हावयाचा आहे.

मी घाटमाथ्यावर सातेरी माश्यांच्या पेट्या सांभाळते. ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आग्या माशी उंच फांदीवर किंवा कड्याच्या कपारीला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत नांदत नाही. सातेरी माशी मात्र झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीतल्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणून तिला लाकडी पेटीत वसवता येते. महाबळेश्वरचे मध संचालनालय, १९६२ साली पुण्यात सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आणि खादी-ग्रामोद्योगाची चळवळ यांनी ही पेटी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत नेली, हे ऋण मी मानते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, तेव्हा आम्हा सर्वांनाच आनंद झाला. माझे म्हणणे या कामाच्या विरोधात नाही. हे काम ज्या हातांनी चालते, त्या हातांचा हिशेब कोणी मांडलेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पहिला शब्द घेऊ. 'घरबसल्या' म्हणजे काय? सरकारी पत्रकांतून आणि आपल्याही भाषणांतून असे चित्र रंगवले जाते की परसात दोन पेट्या ठेवाव्यात, बाईने स्वयंपाकपाणी उरकून फावल्या वेळात त्यांच्याकडे पाहावे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस मध काढून घ्यावा. ज्यांनी हे चित्र काढले त्यांनी पेटी उघडलेली नाही, आणि बाईचा दिवसही कधी मोजलेला नाही.

पेटी उघडून पाहण्याची वेळ आपण ठरवत नाही, ऊन ठरवते. सकाळचा गारठा ओसरून माश्या चरायला बाहेर पडल्या, म्हणजे आतली गर्दी कमी होते आणि तेव्हाच पोळ्यांच्या चौकटी एकेक करून वर काढता येतात. म्हणजे नेमका तो वेळ, जेव्हा बाई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेलेली असते. फुलोरा भरात असताना पेटी आठवड्याला पाहावी लागते. न पाहिल्यास नव्या राणीची घरे केव्हा तयार झाली ते कळत नाही, आणि एके दिवशी भर दुपारी जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते. उरलेल्या निम्म्या माश्यांकडून त्या हंगामात मधाची फारशी आशा धरता येत नाही. ज्या मार्च-एप्रिल-मेमध्ये जांभूळ, गेळा आणि हिरडा फुलतो, त्याच महिन्यांत डोंगरातल्या विहिरी आटतात आणि पाण्याची खेप लांबते. पेटीचा हंगाम आणि हंड्याचा हंगाम एकच आहे, ही गोष्ट कोणत्याही पत्रकात छापलेली मी पाहिली नाही.

पावसाळ्याचे चार महिने वेगळेच असतात. घाटमाथ्यावरचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. माशी बाहेर पडू शकत नाही, बाहेर फूलही नसते. तेव्हा साखरेचा पाक करून तो दिवेलागणीच्या सुमारास पेटीत ठेवावा लागतो. दिवसा ठेवला तर वासाने दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या येऊन लुटालूट करतात. त्याच वेळी चूल पेटवायची असते आणि मुलांना जेवायला वाढायचे असते. पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाणी ठेवणे, मेणकिड्याने धरलेले पोळे वेळीच कापून काढणे, ओल चढू न देणे, ही कामे चुकली की सातेरी माशी तक्रार करीत नाही. ती घर सोडून निघून जाते. सकाळी पाहावे तर पेटी रिकामी असते. आणि पेट्या एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायच्या असल्या तर ते काम रात्रीच करावे लागते, कारण सगळ्या माश्या घरात परतलेल्या असतात तेव्हाच दार बंद करता येते. रात्री दोन डोंगर ओलांडून पेटी नेणाऱ्या पुरुषाला गाव कष्टाळू म्हणते. बाई गेली तर काय म्हणते, ते येथे बसलेल्या भगिनींना सांगण्याची गरज नाही.

तेव्हा साथींनो, हा धंदा घरबसल्याचा नाही आणि फावल्या वेळचाही नाही. बाईच्या दिवसात फावला वेळ असतो, ही कल्पनाच मुळात ज्यांच्यासाठी कोणीतरी दुसरे माणूस स्वयंपाक करते अशांची आहे. पेटीला दिलेला प्रत्येक दिवस बाईने एका मजुरीच्या दिवसातून, किंवा आपल्या झोपेतून, कापून दिलेला असतो.

यातून दुसरा शब्द येतो : 'पूरक'. कशाला पूरक? कोणाच्या उत्पन्नाला पूरक? घरातील कमाई पुरुषाची आणि बाईची ती भर, असा हा हिशेब आहे. एखाद्या कामाला एकदा पूरक म्हटले की त्याची मजुरी धरावी लागत नाही, त्याला भांडवल द्यावे लागत नाही आणि ते करणाऱ्याचे नाव लिहावे लागत नाही. आमच्या भागात तपासणीस आलेला माणूस दारात उभा राहून विचारतो, "वहिनी, मालक आहेत का घरी?" आपल्या भाषेत नवऱ्याला मालक म्हणतात, तेव्हा त्याच्या प्रश्नात वावगे असे काही नाही. पण त्या एका शब्दात सगळा व्यवहार आलेला आहे. राणी अंडी घालते की नाही, कोणत्या पेटीला रोग आहे, कोठे पाक कमी पडला, हे सगळे वहिनीला ठाऊक असते. सही मात्र मालकाची घ्यायची असते.

मी स्वतः एका बँकेत पेट्यांसाठी कर्ज मागायला गेले होते. तेथे मला सातबाऱ्याचा उतारा मागितला गेला. माश्या सातबारा पाहून चरत नाहीत, त्या दीड-दोन किलोमीटरच्या परिसरात ज्याचे फूल उमलले असेल त्याच्याकडे जातात, असे मी त्या अधिकाऱ्यांना सांगून पाहिले. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि 'मालकांना' घेऊन येण्यास सांगितले. हा त्या एका माणसाचा दोष मी मानत नाही. देशाच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेतजमीन कसणारे खातेदार म्हणून नोंदलेल्यांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. ज्या देशात शेतीचे निम्म्याहून अधिक काम बायका करताना आपण डोळ्यांनी पाहतो, त्या देशाचा हा आकडा आहे. कर्ज, अनुदान, नुकसानभरपाई, सगळेच त्या उताऱ्यामागून चालते.

वास्तविक कागदावर आम्हाला शेतकऱ्याचा दर्जा मिळालेला आहे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात भूमिहीन मजूर, कूळ, मच्छीमार, पशुपालक यांच्याबरोबर मधमाशीपालकाचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्या धोरणाचा मसुदा केला, त्या डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी पुढे राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खाजगी विधेयकही मांडले. ते मंजूर न होता व्यपगत झाले. धोरणात आम्ही शेतकरी आहोत. बँकेच्या खिडकीशी आम्ही कोणाच्या तरी वहिनी आहोत. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते तोडणे हे राजकीय काम आहे.

पैशाच्या अभावाचा परिणाम मधावर कसा होतो, तेही सांगितले पाहिजे. फुलातला रस माशी आणते तेव्हा तो बहुतांशी पाणीच असतो. पंखांचा वारा घालून ती तो आटवते, आणि पुरता आटला म्हणजे त्या घरावर मेणाचे झाकण घालते. झाकण बसलेला मध तो पिकलेला मध. प्रमाणित मधात पाणी २० टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि आमच्या दमट डोंगरात तेथवर येण्यासाठी धीर धरावा लागतो. परंतु जिच्या नावावर दुकानदाराची उधारी आहे, तिला धीर परवडत नाही. ती आठ दिवस आधी मध काढते, तो पातळ म्हणून कमी दराने जातो, आणि मग बायकांना शास्त्रशुद्ध पद्धत समजत नाही असा शेरा लिहिला जातो. पद्धत तिला समजते. मध पिकू देणे हीदेखील भांडवलाची बाब आहे, हे शेरा लिहिणाऱ्याला समजत नाही.

बाजाराचे तर काय सांगावे! डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातल्या तेरा ब्रँडांचा मध तपासून घेतला. सगळ्या कसोट्यांना उतरले ते फक्त तीन. नेहमीच्या चाचण्यांत सापडू नये असा साखरेचा पाक मधात मिसळला जात होता. भेसळीची चर्चा शहरात गिऱ्हाइकाच्या फसवणुकीपुरती झाली. परंतु पाकाला मधाचा भाव मिळू लागला की मधाला पाकाचा भाव मिळतो, आणि ही घट शेवटी पेटीशी बसलेल्या माणसाच्या मजुरीतून भरली जाते. ती मजुरी बाईची असेल तर ती कधी धरलेलीच नव्हती, त्यामुळे ती कापली गेल्याचेही कोणाला दिसत नाही.

तिसरा शब्द 'स्त्रियांसाठी'. या धंद्यातले मूळ सामान कोणाच्या देहाचे माप घेऊन केलेले आहे? जगभर वापरली जाणारी चौकटींची पेटी १८५१ च्या सुमारास अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या शोधातून आली. शोध थोर आहे. परंतु तिची वरची कोठी मधाने भरली म्हणजे पस्तीस-चाळीस किलोंपर्यंत जाते, आणि ती उचलून खाली ठेवल्याखेरीज खालचे काही पाहता येत नाही. सातेरीची पेटी त्या मानाने लहान असते, तरी गाडीरस्त्यापर्यंत ती डोक्यावरूनच न्यावी लागते. अंगरक्षक पोशाख पँट घालणाऱ्याच्या मापाचा असतो. साडीच्या निऱ्यांत किंवा बांगड्यांखाली माशी अडकली की ती डंख करणारच. आणि एका डंखाबरोबर जो वास सुटतो तो इतर माश्यांना धोक्याची सूचना देतो. मग एकीवर थांबत नाही. गजरा, सुवासिक तेल हेही पेटीजवळ चालत नाही. या साध्या गोष्टी मला प्रशिक्षणात कोणी सांगितल्या नाहीत, कारण सांगणारे सगळे पुरुष होते. त्यांना त्या कधी लागल्याच नव्हत्या.

उलट एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली जाते : बायकांचा हात मायाळू असतो, म्हणून त्यांना माश्या डंख करीत नाहीत. ही स्तुती मी नाकारते. माशीला माया कळत नाही; तिला हिसका कळतो, घामाचा उग्र वास कळतो आणि ढगाळ हवा कळते. सावकाश हालचाल करणे हे कौशल्य आहे, ते शिकून आणि डंख खाऊन येते. स्त्रीच्या कौशल्याला स्वभाव म्हणायचे, म्हणजे त्याचे मोल द्यावे लागत नाही, ही युक्ती परिचारिकेपासून अंगणवाडी सेविकेपर्यंत सर्वांच्या बाबतीत वापरली गेलेली आहे.

अवजार बदलले म्हणजे काम कोणाचे हेही बदलते, याचे एक उदाहरण आफ्रिकेतले आहे. केनियात परंपरेने लाकडाचे पोकळ ओंडके उंच झाडांवर टांगून माश्या पाळत. झाडावर चढणे पुरुषाचे काम, म्हणून मधही पुरुषाचा. १९७० च्या दशकात तेथे एक नवी पेटी रुजवण्यात आली. कमरेइतक्या उंचीवर टांगलेली, लांबट, वर आडव्या पट्ट्या असलेली ही पेटी घराजवळ ठेवता येई. तिच्यातले पोळे एकेक पट्टीसह उचलता येते, भरलेली कोठी उचलावी लागत नाही. झाडावर चढण्याची अट गेली आणि बायकांना या कामात शिरता आले. त्यांच्या हातांत ताकद नव्हती, कौशल्य नव्हते, की रूढीने परवानगी नव्हती, या सगळ्या चर्चांपेक्षा सुताराने केलेला बदल अधिक क्रांतिकारक ठरला.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. बिहारमधल्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातील अनिता कुशवाहा या मुलीने लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून माश्यांच्या पेट्या घेतल्या. तिची कथा राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात आली आणि चौथीच्या मुलांनी ती अनेक वर्षे वाचली. मुली वाचतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु एकटीच्या जिद्दीची कथा सांगून व्यवस्था आपली सुटका करून घेते, हेही आपण विसरू नये. जे एका मुलीला असामान्य जिद्दीने मिळाले ते शंभर मुलींना साध्या हक्काने मिळाले पाहिजे.

मधमाश्यांविषयी बोलताना राणीचा उल्लेख निघतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. युरोपात विद्वान मंडळी शतकानुशतके या राणीला 'राजा' म्हणत आली. ॲरिस्टॉटलनेही तिला राजाच म्हटले. सतराव्या शतकात हॉलंडच्या स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली चिरफाड करून तिच्या पोटातले अंडाशय दाखवले, तेव्हा कोठे वाद मिटला. डोळ्यांसमोर असलेल्या मादीला राजा ठरवणारी दृष्टी जुनी आहे, आणि पेटीशेजारी उभ्या असलेल्या बाईला ओलांडून मालकाची चौकशी करणारी दृष्टी तिच्याच कुळातली आहे. राणी मात्र राज्य करीत नाही. ती अंडी घालते, आणि थकली की कामकरी माश्या दुसरी राणी तयार करतात. घर झाडणे, पिलांना भरवणे, मेण घडवणे, दाराशी पहारा करणे आणि अखेरच्या दिवसांत रानात जाऊन रस आणणे, हे सारे कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवड्यांच्या आयुष्यात करते. तिच्या साऱ्या आयुष्याचा मध चमच्याच्या बाराव्या भागाएवढाही भरत नाही. कामकरी हा शब्द आपल्या चळवळीने आदराने वापरलेला आहे. ज्या बाईचे अख्खे वर्ष या कामकऱ्यांच्या मागे जाते, तिला तो शब्द लावताना आपण का अडखळतो?

या सगळ्याचा शेतीशीही संबंध आहे. माशी मध गोळा करते तेव्हा ती परागकणही फुलाफुलांत नेते. कांद्याचे बियाणे, सूर्यफूल, वेलवर्गीय भाज्या यांचे पीक तिच्यावर अवलंबून असते. म्हणजे पेटी सांभाळणारी बाई शेजाऱ्याच्या शेतावर फुकट काम करणारी मजूरही आहे. आणि फुलोऱ्यावर सकाळी विषारी औषध फवारले की तिच्या पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. युरोपीय संघाने माश्यांना घातक अशा तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर २०१८ साली बंदी घातली. आपल्याकडे निदान फवारणी दिवस मावळल्यावर करावी, आणि आदल्या दिवशी पेटीवाल्यांना कळवावे, एवढा नियम एखादी ग्रामसभा करू शकते.

तेव्हा आपण काय करावे? मला मोठी मागणीपत्रे लिहिता येत नाहीत. जे करता येण्यासारखे आहे ते सांगते.

पहिली गोष्ट, पेटी जिच्या हाताखाली आहे तिच्या नावावर, निदान जोडनावावर, नोंदली गेली पाहिजे. हे अशक्य नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीचा हक्क पती आणि पत्नी या दोघांच्या नावे नोंदवण्याचे बंधन घातलेलेच आहे; त्याच कायद्यात मध आणि मेण यांना गौण वनोपजात स्थान आहे. जमिनीला जे लागू होते ते लाकडी पेटीला लागू करण्यात कोणते संकट आहे?

दुसरी, सहकारी संस्थेचे सभासदत्व घराला एक असे देण्याची प्रथा जेथे असेल तेथे ती मोडली पाहिजे. मधाच्या वजनाची पावती आणि त्याचे पैसे, दोन्ही काम करणारीच्या नावे गेले पाहिजेत. तिसरी, प्रशिक्षण तालुक्याच्या गावी सलग दहा दिवसांचे ठेवू नये. ते वाडीवर ठेवावे, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय करावी. शिकवणाऱ्यांत बायका असाव्यात. चौथी, मध पिकेपर्यंत थांबता यावे म्हणून हंगामापूर्वी उचल मिळावी. २०२० मध्ये केंद्राने राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान जाहीर करून त्यासाठी ५०० कोटी रुपये ठेवले होते. अशा योजनांचा पैसा पेट्यांच्या वाटपात संपतो; बाईला मध काढण्याआधीचे दोन महिने तग धरता यावा यासाठी तो कधी खर्च होत नाही.

यातील पुष्कळशा गोष्टींसाठी विधानसभेत बहुमत येण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या विचाराच्या मंडळींनी चालवलेल्या पतपेढ्या, सहकारी संस्था, ग्रामपंचायती आजही आहेत. तेथील सभासदांची वही आपण उद्या सकाळी उघडू शकतो. तीत किती बायकांची नावे आहेत, आणि ज्यांची आहेत त्यांतील किती जणींनी वार्षिक सभेत तोंड उघडले, एवढे पाहावे. बाहेरच्या जगाला समाजवाद सांगण्यापूर्वी ही वही तपासणे मला अधिक निकडीचे वाटते.

म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या शिबिरात या विषयाचे नाव बदलावे. 'मधमाशीपालन : स्त्रियांचा उद्योग' एवढेच लिहावे. दोन शब्द गाळले आणि तिसऱ्याचा प्रत्यय बदलला तर फळ्यावर फारसा फरक पडणार नाही. परंतु तो फरक खरा करून दाखवायचा झाल्यास आपल्याला बँकेशी, बाजाराशी आणि मुख्य म्हणजे आपापल्या घराशी झुंजावे लागेल. ती झुंज घेण्याची तयारी असलेले साथी येथे आहेत, या भरवशावरच मी आज बोलले.